नादारीचा अर्ज करावा का?

प्रश्न : लातूरच्या ट्यूशन एरियात माझी मेस आहे. २०२० ला क्लास बंद पडले आणि तेव्हाची विस्कटलेली घडी अजून बसली नाही. बँकेचं मुद्रा कर्ज ४ लाख थकलंय. पतसंस्थेचे अडीच लाख आहेत, त्याला मेहुणा जामीन आहे. बायकोच्या गटाचे ४५ हजार राहिलेत. एका खासगी माणसाकडून ३ लाख घेतलेत, शेकडा पाचनं. अडीच वर्षं व्याज भरतोय, मुद्दल तसंच आहे. त्याच्याकडे माझे दोन कोरे चेक आहेत आणि औसा तालुक्यातल्या माझ्या दोन एकरांची इसारपावतीही आहे. दिवाळखोरी जाहीर केली की सगळं माफ होतं, असं एकानं सांगितलं. रात्र रात्र झोप नाही. काय करू?
— एक वाचक, लातूर

उत्तर : सगळं माफ होत नाही. तुमच्या बाबतीत तर नादारीनं नुकसानच जास्त होईल.

२०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यातला सामान्य माणसासाठीचा भाग मात्र अजून लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच तो डिसेंबर २०१९ पासून चालू आहे. त्यामुळे लातूर-नांदेडकडच्या माणसाला अजून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याखालीच जिल्हा न्यायालयात जावं लागतं. तो किती जुना आहे बघा : अर्जदाराचं कर्ज निदान ५०० रुपये असावं, ही त्यातली अट आजही तशीच आहे.

कोर्टानं नादार ठरवलं की तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना हात लागत नाही. दोन एकर मात्र जातील. भीतीपोटी ते आधीच भावाच्या नावावर करून ठेवावेत, असा सल्ला कुणी देईल. तो ऐकू नका. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं, आणि मग तुमच्या प्रामाणिकपणावरच बोट ठेवलं जातं. पुढे कर्जातून मोकळं होण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. तुमची मालमत्ता विनातारण देण्याच्या रुपयाला आठ आणेही भरत नसेल, तर बिनशर्त सुटका मिळत नाही. ही वेळ आपल्या दोषानं आली नाही, हे मग तुम्हाला पटवून द्यावं लागतं. कोविडात बंद पडलेली मेस हे सबळ कारण आहे, पण पुरावा हवा. पोरांच्या खाड्यांची, किराण्याच्या उधारीची वही जपून ठेवा. आधीच्या तीन वर्षांचा हिशेब ठेवला नसेल, तर तेही अर्जदाराच्या विरोधात जातं.

एवढं करूनही सरकारी देणं आणि फसवणुकीतून झालेलं देणं सुटत नाही. जामीनदारही सुटत नाही. तुम्ही मोकळे व्हाल आणि पतसंस्था मेहुण्याच्या दारात जाईल. शिवाय नादारी कायम असेपर्यंत ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. ज्याच्या नावावर काही उरलं नाही, ज्याच्यामागे जामीनदार नाही आणि ज्याचं देणं बहुतेक विनातारण आहे, त्याच्यासाठी हा रस्ता आहे. तुमच्याकडे जमीन आहे, चालता धंदा आहे, मेहुणाही अडकलेला आहे.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. ३ लाखांना शेकडा पाच म्हणजे महिन्याला १५ हजार, वर्षाला ६० टक्के. अडीच वर्षांत तुम्ही साडेचार लाख व्याज भरलंय आणि मुद्दल जागचं हललेलं नाही. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्के आणि तारणावर १५ टक्के एवढंच व्याज घेता येतं. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. आपल्याकडचं जुनं दामदुपटीचं तत्त्वच ते. तुमच्या माणसाकडे परवाना नसेल, तर कोर्ट त्याच्या बाजूनं वसुलीचा हुकूमनामा देत नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

चार देण्यांत कायद्यानं सर्वांत दुबळा हाच माणूस आहे, आणि तुम्ही बँक थकवून पहिले पैसे त्यालाच देताय. का, ते मी समजू शकतो. बँक नोटीस पाठवते, हा दारात येऊन उभा राहतो. तरी क्रम उलटा करा. सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक हेच सावकारीचे जिल्हा निबंधक असतात. त्यांच्याकडे लेखी तक्रार द्या. सोबत ऑनलाइन पाठवलेल्या व्याजाचे उतारे, मेसेज, इसारपावतीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. सावकारीपोटी लिहून घेतलेल्या जमिनीची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. काही झालं तरी खरेदीखतावर सही करू नका. त्यानं चेक बँकेत टाकला आणि नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत वकिलाकरवी उत्तर द्या. गप्प बसलात तर प्रकरण अवघड होईल.

बँकेला एकरकमी तडजोडीसाठी स्वतःहून पत्र द्या आणि झेपेल तोच आकडा लिहा. प्रकरण दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीतही ठेवता येतं. तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून हप्ता नीट तोलून कबूल व्हा. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला हातात घेतल्याशिवाय उठू नका. तडजोडीची नोंद सिबिलवर राहील आणि पुढचं कर्ज काही वर्षं अवघड जाईल. तेवढी किंमत द्यायला हरकत नाही. गटाचे हप्ते मात्र चालू ठेवा, कारण ते चुकले की बोजा शेजारच्या बायकांवर पडतो. गटाला कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांना ऐकवा.

पैसे नाहीत एवढ्यावरून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून जाणूनबुजून देणं टाळलं, तरच दिवाणी कैदेचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच हे स्पष्ट केलंय. झोप उडालीय असं लिहिलंत, म्हणून आणखी एक. आज रात्री बायकोला आणि मेहुण्याला समोर बसवून चारही आकडे सांगा. मराठवाड्यात कर्जापायी माणसं गेली, त्यातल्या कितीतरी घरांना खरा आकडा नंतर कळला. मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

प्रश्न : मी नांदेडला शिक्षक आहे. मित्राला पतसंस्थेत जामीन राहिलो. तो गाव सोडून गेला. संस्था आधी त्याला न गाठता माझ्या पगारावर येऊ शकते का?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : येऊ शकते. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली संस्था वसुली दाखला मागेल, तेव्हा निबंधकांसमोरच्या सुनावणीला हजर राहा. न गेलेल्यांची बाजू कुणी मांडत नाही. तिथे खात्याचा पूर्ण उतारा मागा. दंडव्याज किती लावलं, मित्रानं भरलेले हप्ते जमा धरले का, हे ओळीनं तपासा. व्याज कमी करून हप्ते बांधून घेता येतात का, ते त्याच बैठकीत विचारा. तुम्ही जेवढं भराल तेवढं मित्राकडून वसूल करण्याचा हक्क करार कायदा तुम्हाला देतो. म्हणून प्रत्येक पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या, आणि मित्राचा सातबारा काढून बघा. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तुमचं उत्पन्न कदाचित त्यांच्या मर्यादेत बसणार नाही. लातूरच्या वाचकांच्या पत्नीला मात्र उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळेल.