पित्तनलिकेचा खडा निघाला, तरी पोट का दुखतं?

प्रश्न : माझं वय 46. पित्तनलिकेत अडकलेला खडा दोन महिन्यांपूर्वी दुर्बिणीतून काढला. कावीळ उतरली, पण वरच्या पोटात अजून अधूनमधून कळ येते. सोनोग्राफी नॉर्मल आहे. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. काय करावं? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : ताई, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही, हे आधी घरच्यांना सांगा.

तुमच्यावर झालेल्या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात, पित्तनलिकेचं तोंड थोडं कापून मोठं करतात आणि फुग्याने किंवा बारीक जाळीने खडा ओढून काढतात. पोटावर टाका नसतो, म्हणून लोक तिला किरकोळ समजतात. पण स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांत त्याच तोंडाशी उघडते, आणि नंतरच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ तिथंच असतं. म्हणून असा रुग्ण आला की माझा पहिला प्रश्न असतो, दुखणं केव्हा सुरू झालं?

पहिले दोन-तीन दिवस : तपासणीवेळी आतड्यात हवा भरलेली असते. त्यामुळं पोट फुगतं, कळा येतात आणि बहुधा दिवसभरात थांबतात. शंभरातल्या साधारण 3 ते 10 जणांना मात्र स्वादुपिंडाला सूज येते. वरच्या पोटातली कळ थेट पाठीत जाते, उलट्या होतात, पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटतं. अमायलेज किंवा लायपेजची रक्ततपासणी करतात, पण ईआरसीपीनंतर हे आकडे अनेकांत थोडे वाढतातच. दुखणं आणि आकडा दोन्ही जुळले तरच निदान होतं. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका शंभरात एकाहून कमी. तेव्हा पोट लाकडासारखं कडक होतं आणि कूस बदलली तरी कळ मारते. अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेऊ नका.

पुढचे दोन आठवडे : कापलेल्या जागेतून उशिराही रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच, चक्कर, घाम ही त्याची खूण. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावं. मार्च 2021मध्ये शरद पवार पोटदुखीने मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांच्या अशा गोळ्या थांबवल्याचं जाहीर झालं होतं. 30 मार्चला दुर्बिणीतून पित्तनलिकेतला खडा काढला आणि 12 एप्रिलला पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. क्रम लक्षात ठेवा : आधी नलिका मोकळी, मग थोड्याच दिवसांत पित्ताशय. पित्ताशयात खडे तसेच राहिले, तर त्यातला एखादा पुन्हा नलिकेत उतरतो. आणि गोळ्या थांबवणं किंवा सुरू करणं डॉक्टरांवर सोडा.

काही आठवडे, काही महिने : तुम्ही इथं आहात. यात मी सर्वांत आधी स्टेंट शोधतो. नलिका मोकळी राहावी म्हणून अनेकदा प्लॅस्टिकची बारीक नळी आत ठेवतात. ती साधारण तीन महिन्यांत काढायची किंवा बदलायची असते. कावीळ उतरली, माणूस शेताच्या कामाला लागला, की नळी विसरली जाते. मग ती गाळाने तुंबते किंवा जागेवरून सरकते. पोटदुखी, थंडी वाजून ताप आणि कावीळ एकत्र आली, तर पित्तनलिकेत जंतुसंसर्ग झालाय असं समजा. आपल्याकडं अशा वेळी काविळीचं गावठी औषध घ्यायला धावतात. त्यात गेलेला एक दिवसही जिवावर बेतू शकतो.

काहीच सापडत नाही तेव्हा : नलिकेचं खालचं टोक आतड्यातल्या वायूमुळं सोनोग्राफीत नीट दिसत नाही. तिथं राहिलेला बारीक खडा एमआरसीपीत (पित्तनलिकेच्या एमआरआयत) किंवा दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या सोनोग्राफीत सापडतो. लिव्हरची रक्ततपासणी कळ आल्यानंतर काही तासांत केली, तर जास्त उपयोग होतो. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण झालाय का, हेही पाहायला हवं. चाळिशीनंतर, विशेषतः मधुमेह असेल, तर ईसीजी काढाच. हृदयाचं दुखणंही वरच्या पोटात जाणवतं.

एक तपासणी बिनखर्चाची आहे. उताणं झोपा, दुखतंय तिथं एका बोटाने दाबा आणि बोट तसंच ठेवून डोकं व खांदे उचला. दुखणं वाढलं, तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतल्या स्नायूचं किंवा दबलेल्या नसेचं आहे. त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन दिलं की अनेकांना आराम पडतो. खात्री मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्या.

इतकं करूनही कारण मिळालं नाही, तर ‘पुन्हा एकदा दुर्बीण घालून तोंड मोठं करू’ या सल्ल्याला लगेच होकार देऊ नका. 2014मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पित्ताशय काढलेले, तपासण्या जवळजवळ नॉर्मल असलेले पण पोट दुखणारे 214 रुग्ण होते. नलिकेचं तोंड कापलेल्यांपैकी 23 टक्क्यांना बरं वाटलं आणि नुसतं कापल्याचं भासवलेल्यांपैकी 37 टक्क्यांना. वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका होताच. अशा दुखण्याला नसांची संवेदना कमी करणाऱ्या कमी मात्रेच्या गोळ्या, पुरेशी झोप आणि एकाच डॉक्टरांकडं सलग उपचार यांचा जास्त फायदा होतो.

तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं सगळेच विचारतात. प्रक्रियेनंतर काही दिवस पेज, मऊ भात आणि वरण घ्या. सोसेल तसं तेल-तिखट वाढवा. स्वादुपिंडाला सूज आली असेल, तर दारू कायमची बंद.

असह्य कळ, ताप, कावीळ, काळी शौच किंवा सतत उलट्या, यांतलं काहीही झालं तर ‘पित्त झालं असेल’ म्हणून मेडिकलमधली गोळी खात बसू नका. रुग्णवाहिकेसाठी 108ला फोन करा आणि कोल्हापूरचं सीपीआर किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. चंदगड, आजरा भागातून कोल्हापूरला यायला काही तास जातात, म्हणून सकाळची वाट पाहू नका.

ताई, आज फाइल काढा आणि डिस्चार्ज कार्डावर दोन गोष्टी बघा : स्टेंट ठेवलाय का, आणि पित्ताशय काढलंय की अजून आहे? स्टेंट असेल आणि काढायची तारीख लिहिलेली नसेल, तर ज्यांनी प्रक्रिया केली त्यांना उद्याच फोन करा.