नवी मोटारसायकल : आधी हिशेब डोक्याचा

सभासद बंधूंनो, ऊसबिलाचा पहिला हप्ता जमा झाला की पोरगं गाडीचा हट्ट धरतं. गाडीची किंमत आपण कशीही जमवतो; हेल्मेट मात्र रस्त्याकडेचं, दोनशेचं. ते नुसतं टोपलं! आय.एस. ४१५१ चा आयएसआय शिक्का बघा. १ जून २०२१ पासून त्याविना विक्रीच बेकायदा आहे. मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं, तेव्हा दोन धरा. घोटा झाकणारे बूट, हातमोजे हेही त्याच रकमेत बसवा. पैसे कमी पडले तर गाडी स्वस्तातली घ्या. शिकाऊ लायसन्सवर पक्क्यासाठी तीस दिवस थांबावंच लागतं. ते दिवस जाणत्या माणसाबरोबर मोकळ्या माळावर घालवा : हँडल सरळ, दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाब वाढवत. हंगामात रात्री बिनदिव्याची उसाची ट्रॉली एकाएकी पुढ्यात येते, तेव्हा विचाराला वेळ नसतो.