पहिल्या एसटीला लवकर येणारी अंतर्मुखच असते का?

प्रश्न : मी गगनबावड्याची. कोल्हापूरला कॉलेजला जाते, रोज एसटीनं. मध्यंतरी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका व्यक्तिमत्त्व चाचणीची लिंक आली. सोळा प्रकारांपैकी माझा प्रकार ‘आयएनएफजे’ निघाला, माझ्या मैत्रिणीचा ‘ईएसटीपी’. तेव्हापासून ग्रुपवर याद्या फिरतायत. अमुक प्रकारची माणसं स्टँडवर अर्धा तास आधी येतात, खिडकीची जागा धरतात, फोन न उचलता मेसेज करतात. तमुक प्रकारची माणसं दुसऱ्याच्या डब्यातलं न विचारता खातात, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडतात. मला माझी यादी बरीच लागू पडते. पावसाळ्यात मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की आमची एसटी बंद होते, म्हणून आम्ही दोघी कोल्हापुरात खोली घेणार होतो. आता मैत्रीण म्हणते, “आपले प्रकारच जुळत नाहीत, आपलं पटायचं नाही.” रोजच्या वागण्यावरून माणसाचा प्रकार खरंच ओळखता येतो का?
— एक विद्यार्थिनी, गगनबावडा

उत्तर : एखाद्या सवयीवरून ओळखता येत नाही. पुष्कळ दिवसांचं, वेगवेगळ्या ठिकाणचं वागणं एकत्र पाहिलं तर स्वभावाचा थोडाफार अंदाज येतो. पण खोली एकत्र घ्यायची की नाही, हे त्या अंदाजावरून ठरवू नका. का, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तुमच्या प्रश्नात एका मैत्रीचा सवाल आहे.

आधी ही अक्षरं आली कुठून ते पाहू. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली माणसांच्या मानसिक प्रकारांवर मोठा ग्रंथ लिहिला. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही विभागणी मानसशास्त्रात रुजली ती त्यातून. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी युंगच्या विचारांवर आधारलेली प्रश्नावली तयार करायला घेतली. ते काम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आलं. दोघींनीही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. मात्र माणसामाणसांतला फरक नीट समजला तर एकमेकांशी वागणं सोपं होईल, ही त्यांची तळमळ खरी होती. त्यांनी चार जोड्या केल्या : माणसांत रमणारा की स्वतःत रमणारा, हातातल्या तपशिलावर विसंबणारा की अंतःप्रेरणेवर, डोक्यानं ठरवणारा की मनानं, आखून वागणारा की आयत्या वेळी ठरवणारा. प्रत्येक जोडीतलं एकेक अक्षर घेतलं की सोळा प्रकार होतात. १९७८ मध्ये डेव्हिड कियर्सी यांनी आपल्या पुस्तकात या सोळांचे चार मोठे गट मांडले. आज मोबाइलवर ज्या फुकटच्या चाचण्या फिरतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच विचाराच्या फांद्या आहेत.

अडचण या जोड्यांच्या मधल्या रेघेत आहे. ती समजायला तुम्हाला तुमच्या गावाबाहेर जायला नको. गगनबावडा घाटमाथ्यावर वसलेलं. एका अंगाला पडलेला पाऊस करूळ आणि भुईबावड्याच्या बाजूनं कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या अंगाचं पाणी कुंभीतून पंचगंगेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला जातं. पाण्यासाठी तिथं खरोखरच रेघ आहे. माणसांच्या स्वभावात मात्र अशी रेघ सापडत नाही. मोजायला गेलं तर बहुतेक माणसं मधल्या पट्ट्यात असतात आणि दोन्ही टोकांना थोडीच उरतात. ना पुरता अंतर्मुख ना पुरता बहिर्मुख, असा मधला गट सर्वांत मोठा, हे युंग यांनीही नोंदवलं होतं. चाचणी मात्र बरोबर मध्यावर रेघ ओढते. समजा बहिर्मुखतेचे शंभरपैकी एकीला ४८ गुण पडले, दुसरीला ५२ आणि तिसरीला ९५. पहिल्या दोघी जवळजवळ सारख्या असूनही वेगळ्या प्रकारांत जातात. दुसरी आणि तिसरी यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असूनही त्या एकाच अक्षराखाली येतात. रेघेजवळच्या माणसांनी काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर त्यांचं एखादं अक्षर सहज बदलतं. बहुतेक चाचण्यांच्या निकालात अक्षरांबरोबर टक्केही दिलेले असतात. तुम्ही दोघींनी ते टक्के शेजारी ठेवून पाहा. तुमच्यातलं अंतर वाटलं होतं त्याहून कमी निघण्याची बरीच शक्यता आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग यादी मला इतकी लागू कशी पडते? अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं. ते कितपत जुळतं याला शून्य ते पाच असे गुण द्यायला सांगितले. सरासरी आली ४.२६. मग उलगडा झाला की सगळ्यांच्या हाती एकच मजकूर होता आणि त्यातला बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेला होता. कधी मोकळेपणानं बोलता, कधी मिटून राहता, अशा थाटाची ती वाक्यं होती, म्हणजे कुणालाही लागू पडणारी. ग्रुपवरच्या याद्याही अशाच असतात. जुळलेल्या चार ओळी मनात राहतात, न जुळलेल्या सहा नजरेआड होतात. पडताळा घ्यायचा असेल तर मैत्रिणीच्या प्रकाराची यादी वर नाव न ठेवता आईला किंवा भावाला वाचून दाखवा आणि विचारा, हे वर्णन घरात कुणाचं?

याचा अर्थ स्वभाव आणि रोजचं वागणं यांचा काही संबंधच नाही, असा मात्र नाही. तो आहे, आणि अभ्यासकांनी तो कष्टानं शोधलाय. आज संशोधनात प्रकारांपेक्षा पाच गुणांची मोजपट्टी जास्त वापरली जाते : नव्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सलोख्यानं घेण्याची वृत्ती आणि मनाची चटकन होणारी घालमेल. इथं कप्पे नाहीत. प्रत्येक गुण प्रत्येकात कमी-जास्त असतो. २०१७ साली बेंजामिन चॅपमन आणि लुइस गोल्डबर्ग यांनी अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातल्या सुमारे आठशे प्रौढांच्या बाबतीत हे पाच गुण आणि रोजच्या ४०० कृती यांचा मेळ घालून पाहिला. सलोखी स्वभावाची माणसं भांडी घासणं, इस्त्री करणं, मुलांशी खेळणं या गोष्टी जास्त करताना आढळली. काटेकोर माणसं शिव्या कमी देत होती, पेन्सिलही कमी चावत होती. नव्याची ओढ असणारी माणसं कविता जास्त वाचत होती. ही सगळी शेकडो माणसांची सरासरी आहे. एका माणसाच्या एका कृतीवरून उलटा निष्कर्ष काढायला ती उपयोगी नाही. भांडी घासणारा प्रत्येकजण सलोखी नसतो. कित्येक घरांत ती घासायला दुसरं कुणी नसतं, एवढंच.

तुम्ही खोली घेणार म्हणून आणखी एक अभ्यास सांगतो. सॅम्युअल गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली काही अनोळखी लोकांना दुसऱ्यांच्या रिकाम्या खोल्या पाहायला पाठवलं आणि राहणाऱ्याचा स्वभाव सांगायला लावला. काटेकोरपणा आणि नव्याची ओढ या दोन गुणांचे अंदाज बरे आले. माणूस किती सलोखी आहे, हे मात्र खोलीवरून तितकं कळलं नाही. म्हणजे खोलीवरून राहणीचा अंदाज येतो, पण तो माणूस आपल्याशी कसा वागेल हे त्यातून फारसं समजत नाही. सोबत राहायचं तर आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

याद्यांमध्ये एक गोष्ट कधीच नसते, ती म्हणजे परिस्थिती. तुमच्या यादीतली पहिली ओळ घ्या. पहिल्या एसटीला अर्धा तास आधी येणारी मुलगी नियोजनप्रिय म्हणून येते, की ही गाडी चुकली तर पहिला तास बुडतो म्हणून? खिडकी धरणारी एकांतप्रिय असते, की तिला वळणांवर मळमळतं? मेसेज करणारीला बोलायचं नसतं, की वाटेत रेंज जाते म्हणून ती लिहून मोकळी होते? बाहेरून वागणं एकच दिसतं. कारण विचारल्याशिवाय कळत नाही.

गगनबावडा हा जिल्ह्यात सर्वांत जास्त पावसाचा तालुका. मिरगाच्या आधी घराघरांत पावसाळ्याची बेगमी सुरू होते. जळण आणि शेणी आडोशाला रचतात, वैरण कोरड्यात ठेवतात, तिखट-मीठ भरून घेतात, छपराची डागडुजी करतात. ग्रुपवरची यादी लावली तर अख्खा तालुका ‘आखून वागणारा’ ठरेल. खरं तर ही शिस्त पावसानं लावलेली असते. भातलावणीच्या दिवसांत पैरा असतो. आज तुमच्या शेतात सगळे, उद्या शेजाऱ्याच्या. एरवी चार शब्द न बोलणारी बाईही पैऱ्याला जाते आणि माणसांच्या ओळीत दिवसभर तरवा लावते. तेवढ्या आठ-पंधरा दिवसांत कुणी तिला पाहिलं तर तिला माणसांत रमणारी म्हणेल, आणि त्यातही अगदीच चूक नाही. आपल्या सर्वांत दोन्ही असतं. ज्याची गरज पडते ते वर येतं.

शास्त्रानंही हे पाहिलंय. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्या घेतल्या आणि १९२८ साली निष्कर्ष मांडले. वर्गात कॉपी करणारा मुलगा खेळातही फसवेल, याचा भरवसा देता येत नव्हता. पुढे १९७९ मध्ये सीमोर एपस्टाइन यांनी दुसरी बाजू दाखवली. एका दिवसाच्या वागण्यावरून काही सांगता येत नाही, पण अनेक दिवसांची सरासरी काढली की माणसाचं वागणं बरंच स्थिर दिसतं. आपली जुनी माणसं पटकन कुणाला चांगलं-वाईट न ठरवता ‘जरा दिवस जाऊ द्या’ म्हणतात, ते म्हणूनच शहाणपणाचं वाटतं.

वागण्यावरून माणसांच्या याद्या करणं आपल्याकडेही नवं नाही. समर्थ रामदासांच्या ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणं आहेत, उत्तम पुरुषाची आहेत, पढतमूर्खाची आहेत. रज, तम आणि सत्त्व या गुणांवर वेगळे समास आहेत. त्यातली कित्येक लक्षणं अगदी रोजच्या वागण्यातली आहेत : कसं बोलावं, कुठं बसावं, कुणाशी कसं वागावं. पण त्या याद्या वाचणाऱ्यानं आधी स्वतःत डोकवावं आणि नको ते टाकावं म्हणून लिहिलेल्या आहेत. लक्षण बदलता येतं, ही त्यामागची श्रद्धा आहे. ग्रुपवरच्या याद्या याच्या उलट शिकवतात. मी या प्रकारची, म्हणून मी अशीच वागणार, तू त्या प्रकारची, म्हणून आपलं जमणार नाही. वीस वर्षांच्या मुलीनं स्वतःबद्दल इतक्या लवकर इतकं पक्कं ठरवून टाकावं, हे मला मनापासून खटकतं. तुमच्या वयात माणूस अजून घडत असतो.

आणखी एक आधार तुमच्याच गावाच्या इतिहासात आहे. बावड्याची जहागीर ज्या घराण्याची, त्याचे मूळपुरुष रामचंद्रपंत अमात्य. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं ‘आज्ञापत्र’ त्यांच्या नावावर आहे. त्यात किल्ल्यांच्या कारभाराचं मोठं प्रकरण आहे. चांगली माणसं पारखून नेमा, असं त्यात आहेच. पण तेवढ्यावर अमात्य थांबत नाहीत. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशी कामं वाटून द्यावीत आणि ठरावीक काळानं अधिकारी बदलावेत, असंही ते सांगतात. माणसाचा स्वभाव पारखूनही त्यांनी सगळी भिस्त स्वभावावर ठेवली नाही. व्यवस्था नीट लावली, तर वेगवेगळ्या स्वभावांची माणसंही एका गडावर नांदतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं.

खोलीलाही तेच लागू आहे. मैत्रिणीशी अक्षरांबद्दल बोलू नका, रोजच्या गोष्टींबद्दल बोला. रात्री दिवा किती वाजता मालवायचा? एकीचा अभ्यास चालू असेल तर दुसरीनं फोनवर कुठं बोलायचं? भांडी रात्रीच घासायची की सकाळी, आणि पाळी कुणाची? गॅस, भाडं, लाइटबिल कोणत्या तारखेला निम्मं-निम्मं करायचं? पाहुणी राहायला आली तर आधी सांगायचं का? डब्यातलं न विचारता खाल्लेलं चालतं का? यातल्या एखाद्या गोष्टीवर एकमत झालं नाही, तर ती तेवढीच अडचण असेल आणि तिच्यावर तोडगा काढता येईल. ‘प्रकार जुळत नाहीत’ यावर मात्र काहीच तोडगा नसतो, म्हणून ते वाक्य मैत्रीला घातक आहे.

आणि तुमची मैत्रीण ‘प्रकार’ हा शब्द वापरून काही वेगळं सांगू पाहतेय का, हेही मायेनं विचारा. कदाचित तिच्या घरच्यांना भाडं परवडत नसेल, किंवा तिला तुमच्या शिस्तीपुढं आपण कमी पडू अशी भीती वाटत असेल. चाचणीआड लपलेलं असं काही बाहेर आलं, तर ते ऐकून घ्या. मग पावसाच्या आधी दोघी मिळून खोली बघा आणि पहिले तीन महिने राहून पाहू, असं ठरवा. तेवढ्या दिवसांत एकमेकींचा स्वभाव कुठल्याही चाचणीपेक्षा तुम्हाला जास्त कळलेला असेल.