छिन्न हात आणि तलवार : मद्रास, हाँगकाँग व मराठी वीरकथा

तलवारबाजीच्या चित्रपटांची समीक्षा बहुधा दोन वाक्यांत आटोपली जाते : ते मारधाडीची करमणूक होत, किंवा त्यांचे आकर्षण अंगकौशल्यात आहे. दोन्ही विधाने खरी असली तरी अपुरी आहेत. तलवारीच्या सफाईला प्रेक्षक टाळी देतो. परंतु ती तलवार कोणासाठी व कोणत्या अधिकाराने उपसली गेली, यावर त्या कथेचे त्याच्या मनातील आयुष्य अवलंबून असते. या प्रश्नाच्या विचारासाठी चेन्नई, म्हणजे तेव्हाचे मद्रास, हे उपयुक्त केंद्र आहे. तेथील पोशाखी चित्रपट एका बाजूने चिनी तलवारपटांशी व दुसऱ्या बाजूने मराठी वीरकथेशी ताडून पाहता येतो.

जेमिनी स्टुडिओचा, एस. एस. वासन यांचा ‘चंद्रलेखा’ (१९४८) हा मद्रासच्या पोशाखी चित्रपटाचा सर्वपरिचित नमुना. प्रचंड नगाऱ्यांवरील नृत्य संपताच त्या नगाऱ्यांतून सैनिक बाहेर पडतात आणि अखेरीस दोन राजपुत्रांचे द्वंद्व होते. येथे तलवारीचे कार्य सरळ आहे : बळकावलेले सिंहासन योग्य वारसाला मिळवून देणे. दहा वर्षांनी एम. जी. रामचंद्रन यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नाडोडी मन्नन’मध्ये (१९५८) मात्र राजासारखा दिसणारा एक बंडखोर सिंहासनावर बसतो आणि लोकहिताचे कायदे जाहीर करतो. योग्य राजा कोण, या प्रश्नाची जागा राज्य कोणासाठी, या प्रश्नाने घेतली. पुढे १९७७ साली हाच नट तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला. याचे सर्व श्रेय पडद्यावरील तलवारीला देता येणार नाही. तथापि त्या तलवारीने जनमानसात तयार केलेली भूमिका दुर्लक्षिताही येणार नाही.

चिनी परंपरेत हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील हान फेई याने शस्त्रबळावर कायदा मोडणारे म्हणून ‘शिया’ वीरांना दोष दिला. सुमारे शतकानंतर इतिहासकार सिमा छिएन याने त्यांच्यासाठी आपल्या ग्रंथात स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्यांचे वर्तन नियमाला धरून नसले तरी ते दिलेला शब्द पाळतात आणि संकटग्रस्तासाठी जीव पणाला लावतात, असा त्याचा अभिप्राय आहे. या वीरांचे जग म्हणजे ‘च्यांगहू’. शब्दशः नद्या-सरोवरे, अर्थाने दरबाराबाहेरचे जग. किंग हू यांचे ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६), ‘ड्रॅगन इन’ (१९६७) व ‘अ टच ऑफ झेन’ (१९७१) हे चित्रपट याच जगात घडतात. पहिल्यातील नायिका चेंग पेई-पेई नृत्याचे शिक्षण घेतलेली होती. झुंजींची आखणी करणारे हान यिंग-चिए पेकिंग ऑपेराच्या तालमीतून आले होते. मद्रासच्या अनेक नटांप्रमाणे रामचंद्रनही बालवयात नाटक कंपनीत घडले. दोन्हीकडे पडद्यावरील तलवारीला रंगभूमीचा ताल आहे, तो यामुळे.

या परंपरांमधील साम्य व भेद एका प्रसंगातून नेमके उमगतात. तो प्रसंग म्हणजे वीराच्या अंगाला आलेली विकलता. चांग चे यांच्या ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्समन’चा (१९६७) नायक नोकराचा मुलगा. उच्च कुळातील सहाध्यायी त्याचा तिरस्कार करतात, आणि गुरूची मुलगीच त्याचा उजवा हात तोडते. अर्धवट जळालेली पोथी व बापाची मोडकी तलवार घेऊन तो डाव्या हाताची विद्या साधतो, गुरूला वाचवतो आणि शेती करावयास निघून जातो. ‘मदुरै वीरन’ (१९५६) हा तमिळ लोककथेवरील चित्रपट. चर्मकार दांपत्याने वाढवलेला त्याचा नायक राजाज्ञेने हातपाय तोडले जाऊन मरतो आणि ग्रामदैवत होतो. मराठीत तानाजी मालुसऱ्याची परंपरागत कथा अशी की, ढाल तुटल्यावर त्याने हाताला शेला गुंडाळून झुंज चालू ठेवली व सिंहगडावर देह ठेवला (१६७०). हरि नारायण आपटे यांनी ही कथा कादंबरीत आणली आणि बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’मध्ये (१९२३) पडद्यावर.

मदुरै वीरनची कथा हाँगकाँगच्या चित्रपटापूर्वीची आहे. तेव्हा हे साम्य प्रभावाचे नसून समांतर विकासाचे मानावे लागते. भेद अधिक बोलका आहे. चिनी वीर विकल होऊन मुक्त होतो, तमिळ वीर देव होतो, मराठी वीर स्वराज्याच्या कार्यात विलीन होतो. मराठी तलवार सहसा भटकत नाही. तिला गड आहे, धनी आहे, बखर आहे. भालजी पेंढारकरांच्या ऐतिहासिक चित्रपटांना यातूनच गांभीर्य लाभले. परंतु कोणाचाच चाकर नसलेला तलवारबहाद्दर मराठीत रुजला नाही, हेही यातूनच घडले.

तथापि मराठी वीरकथेकडे दुसऱ्या बाजूने पाहण्याचे कार्य मद्रासने केले आहे. सी. एन. अण्णादुरै यांनी १९४०च्या दशकात शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या तमिळ नाटकाचा विषय लढाई नसून राज्याभिषेक होता. तलवारीने राज्य मिळवलेल्या पुरुषाचा अभिषेकाचा अधिकार जन्माच्या आधारे नाकारला जातो, हा त्यातील संघर्ष. महाराजांची भूमिका करणाऱ्या व्ही. सी. गणेशन यांना पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी ‘शिवाजी’ म्हटले, आणि शिवाजी गणेशन हे नाव कायम झाले.

हाँगकाँगच्या नायकाला छळणारे हीन जन्माचे शल्य, मदुरै वीरनचे पालनकुल आणि रायगडावरील अभिषेकाचा वाद ही तीन सूत्रे येथे एकत्र येतात. हात कौशल्याने श्रेष्ठ ठरतो आणि जन्माने नाकारला जातो. अशा हाताला पडद्यावर तरी न्याय मिळावा, ही प्रेक्षकाची अपेक्षा असते. तलवारपटाचे आकर्षण मुख्यतः येथे आहे. मराठी वीरकथेच्या अभ्यासकाने सिंहगडाबरोबर मदुरैकडेही पाहिले, तर पराक्रमाच्या वर्णनामागे दडलेला अधिकाराचा प्रश्न त्याला अधिक स्पष्ट दिसेल.