रक्तीची लाज कशाला?

वस्तीत तपासणीला गेलो की आम्ही मुलींची खालची पापणी ओढून पाहतो. अनेकींची पांढुरकी दिसते. ‘घरी रक्ती, वजडी करता का?’ असे विचारले की मान खाली जाते. आजी करायची, आता शेजारी नावे ठेवतात म्हणून बंद!

भगिनींनो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. बकऱ्याच्या रक्तीतले, काळजातले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा अंगी जास्त लागते. रक्ती ताजी, खात्रीच्या दुकानातून आणा. कांदा, लसूण, तिखट घालून पूर्ण शिजवा. गरोदर बाईने मात्र काळीज टाळावे, त्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असते.

मांस न खाणाऱ्यांनी बाजरीची भाकरी, मोडाची मटकी खावी. वर लिंबू पिळावे, त्याने लोह चांगले शोषले जाते. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, तो लोह अडवतो.

रक्तक्षय जास्त असेल तर नुसत्या जेवणाने भागत नाही. हिमोग्लोबिन तपासा, दिलेल्या गोळ्या पूर्ण घ्या. आजीच्या चुलीवरचे अन्न कमीपणाचे नव्हते. लेकींना ते ताठ मानेने वाढा.