तोंडातला न दुखणारा फोड

पायात काटा मोडला की आपण तो लगेच काढतो. तो सलतो, म्हणून काढतो. पण जे सलत नाही त्याकडे आपले लक्षच जात नाही. तोंडाचा कर्करोग, म्हणजे कॅन्सर, हे असेच दुखणे आहे. सुरुवातीला ते बहुधा दुखत नाही.

हा रोग होतो कसा?

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. कधी काही पेशींची शिस्त बिघडते. त्या वाढतच जातात. शेतात कुंदा माजतो, तशा त्या चांगल्या भागात घुसतात. पुढे मानेतही गाठी येतात. गाल, जीभ, हिरडी, घसा, स्वरयंत्र, कुठेही हा रोग होतो.

याचे मोठे कारण तंबाखू. चुना लावून मळलेली तंबाखू आपण रोज गालात त्याच जागी धरतो. तिचा रस तिथली नाजूक कातडी बिघडवतो. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटखा, मावा, विडी, सिगारेट हीही त्याच घरची. नुसती सुपारीसुद्धा निर्दोष नाही. तंबाखूला दारूची जोड मिळाली तर धोका फारच वाढतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली. पण खरी बंदी आपली आपण घालायची असते.

हा रोग शिवाशिवीने होत नाही. रोग्याचे ताट वेगळे मांडू नका.

खुणा कोणत्या?

१. तोंडातला फोड किंवा जखम तीन आठवड्यांत न भरणे.
२. गालात किंवा जिभेवर पांढरा अगर लाल चट्टा.
३. तोंड कमी उघडणे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, ते पाहावे.
४. मानेत गाठ.
५. आवाज तीन आठवडे बसलेला राहणे, घास गिळताना अडणे.

महिन्यातून एकदा आरसा घेऊन उजेडात बसावे. चूळ भरून गाल, जीभ, जिभेखालची जागा नीट पाहावी. यातली एकही खूण दिसली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. प्रत्येक फोड कॅन्सरचा नसतो. पण ते डॉक्टरांनी ठरवायचे, आपण नव्हे.

डॉक्टर त्या जागेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतात. “तुकडा काढला की रोग भडकतो,” असे लोक म्हणतात. हे खरे नाही. रोग भडकतो तो उशिराने. जडीबुटीत आणि अंगाऱ्यात महिने जातात, आणि तेवढ्यात रोग हाडापर्यंत पोचतो.

उपचार कोणते?

उपचार तीन. पहिला शस्त्रक्रिया, रोगट भाग कापून काढतात. दुसरा किरणांचा. तो बहुधा आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. त्यात तोंड सोलते, कोरडे पडते, चव जाते. पण म्हणून मध्येच घरी पळून येऊ नये. अर्धवट उपचाराने रोग पुन्हा उठतो. किरण सुरू होण्याआधी दात तपासून घ्यावेत. तिसरा उपचार औषधांचा. ती बहुधा सलाइनमधून देतात.

रोग लवकर सापडला तर पुष्कळदा एकाच उपचाराने भागते आणि माणूस बरा होतो. उशीर झाला तर दोन-तीन उपचार लागतात. जबडा किंवा जीभ काढावी लागते. मग भाकरी चावणे आणि नीट बोलणेही अवघड होते.

मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथेही कॅन्सरची रुग्णालये आहेत. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड न्यावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. पैशाच्या भीतीने घरी बसू नये.

रोग झाल्यावरही तंबाखू सोडल्याने फायदाच होतो. मग तो होण्याआधी सोडली तर किती बरे! मंडळी, आम्ही एवढेच सांगतो: दुखण्याची वाट पाहू नका. तीन आठवडे, हा हिशेब ध्यानात ठेवा.

प्रश्न

१. तोंडातली जखम किती दिवस न भरल्यास डॉक्टरांकडे जावे?
२. तुकडा तपासण्याला लोक का भितात? खरे काय आहे?
३. आज घरातल्या सर्वांची तोंडे उजेडात पाहा. काय दिसले ते वहीत लिहा.