इफडेफचं रान कसं आवरायचं?

प्रश्न : आमचा सी-प्लस-प्लसमधला प्रोग्राम विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइडवर चालवायचा आहे. पण जागोजागी ‘#इफडेफ’ येतात आणि कुठला भाग कुठे कंपाइल होतो तेच कळत नाही. मॅक्रोंनी हे सोपं होईल का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : होईल. आधी विखुरलेल्या सगळ्या अटी एकाच हेडर फाइलमध्ये आणा. कंपायलर स्वतःहून देतो ती नावं फक्त तिथेच तपासायची आणि त्यांवरून आपले मॅक्रो ठरवायचे, कारण ती नावं दिसतात तितकी सरळ नसतात. ‘_विन३२’ हे ६४ बिटी विंडोजवरही असतंच. अँड्रॉइडवर ‘__लिनक्स__’ही असतं, म्हणून अँड्रॉइडची चौकशी लिनक्सच्या आधी करायची.

खरी मेख पुढे आहे. ‘#इफ’च्या ओळीत अनोळखी नाव आलं तर प्रीप्रोसेसर ते मुकाट्याने शून्य धरतो. स्पेलिंग चुकलं किंवा ती हेडर फाइल जोडायची राहिली, की विंडोजसाठी लिहिलेला कोड विंडोजवरच गळतो आणि कंपायलर हूं की चूं करत नाही. जीसीसीत यासाठी ‘-डब्ल्यूअनडेफ’ हा इशारा आहे, पण तो ‘-डब्ल्यूऑल’मध्येही येत नाही, वेगळा मागावा लागतो.

त्यापेक्षा मॅक्रोला रिकामा कंस द्या. ‘ऑन_विंडोज()’ हा मॅक्रो हेडरमध्ये सगळीकडेच ठरवायचा: विंडोजवर १, इतरत्र ०. वापरताना ‘#इफ ऑन_विंडोज()’. आता नाव चुकलं तर त्या जागी शून्य येतं आणि शून्यापुढे उघडा कंस! हे व्याकरणात बसत नाही, कंपायलर तिथेच अडतो. मात्र ‘#इफडेफ’ची सवय मोडायला हवी. मॅक्रोची किंमत ० असली तरी तो ‘ठरवलेला’च असतो, त्यामुळे ‘#इफडेफ’ तो खरा मानतं.

शक्यतो प्लॅटफॉर्मचं नाव विचारूच नका, सोय विचारा. ‘हॅज_ईपोल()’ लिहिलं की लिनक्स आणि अँड्रॉइड दोन्ही एका अटीत येतात.

आणि फरक दोन-चार ओळींपेक्षा मोठा असेल, तर माझ्या मते मॅक्रोचा हट्ट सोडावा. हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ मध्येच ‘सी न्यूज’ या सॉफ्टवेअरच्या अनुभवावरून इफडेफच्या अतिरेकावर निबंध लिहिला होता. फंक्शनचं नाव एकच ठेवा, प्रत्येक प्लॅटफॉर्मची फाइल वेगळी करा; कुठली घ्यायची ते बिल्ड ठरवेल.

एक मात्र मॅक्रोंना जमणार नाही. गाळलेल्या भागाचं व्याकरण कंपायलर तपासत नाही, तेव्हा बिल्ड तिन्हींसाठी नेमाने करायला हवं.